स्किल लॅबमध्ये पहिल्यांदा जाताय? डमीवर शिकायचं कसं, ते पायरीपायरीने

एमबीबीएसची मुलं, नवे इंटर्न्स, बीएस्सी नर्सिंग, जीएनएम, एएनएम करणाऱ्या मुली-मुलं, या सगळ्यांसाठी लिहितेय. वेळापत्रकात एक दिवस ‘स्किल लॅब’ असं दिसतं, तुम्ही जाता, पलंगावर एक रबरी बाई झोपलेली असते, मॉनिटर वाजत असतो आणि मॅडम म्हणतात, "चला, पेशंट ॲरेस्टमध्ये गेलाय, करा सुरुवात." ॲरेस्ट म्हणजे हृदय बंद पडलंय. मग ततपप सुरू. कुणी हसून वेळ मारून नेतं, कुणी हळूच मागच्या रांगेत सरकतं, एखादा हुशार मुलगा पुढं होऊन सगळं एकट्याने करतो, बाकीचे मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतात, लॉगबुकवर सह्या होतात आणि सगळे जेवायला जातात. त्या दोन तासांत शिकायला खरंतर प्रचंड असतं, म्हणून कसं जायचं, काय करायचं आणि काय मागायचं ते नीट सांगते.

आणि हे इतकं पोटतिडकीने का सांगतेय तेही ऐका. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या नव्या डॉक्टरांचा आणि नर्सेसचा हात कुणावर बसला? सिव्हिलमध्ये येणाऱ्या गरीब पेशंटवर. पहिली नस चुकली ती त्याची, पहिला टाका वाकडा पडला तो त्याच्या अंगावर, आणि त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंही नाही की हा मुलगा आज पहिल्यांदाच करतोय. एक बघा, एक करा, एक शिकवा, या पद्धतीत मधलं ‘एक करा’ हे कुणाच्यातरी शरीरावर होतं. पहिले वीस-पंचवीस प्रयत्न रबरावर करता येत असतील तर ते माणसावर करायचा आपल्याला हक्क नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथं काय काय असतं

थोडक्यात सांगते. एक असतात शरीराचे तुकडे, म्हणजे नस शोधायचा रबरी हात, कॅथेटर घालायचं मॉडेल, टाके घालायचे पॅड, नळी टाकायचं डोकं. दुसरी अख्खी डमी, तिच्यात साधी सीपीआरवाली (सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, श्वास देऊन रक्त फिरतं ठेवणं) येते आणि श्वास घेणारी, नाडी लागणारी, कॉम्प्युटरवरून चालणारी महागडी पण येते. तिसरं म्हणजे माणूसच पेशंट बनतो, ठरवून दिलेल्या तक्रारी सांगतो. अलीकडे डोळ्यांना चष्मा लावून व्हीआरवर शिकायचंही आलंय.

हे काही काल-परवाचं खूळ नाही. सीपीआरची ती प्रसिद्ध ॲन नावाची डमी १९६० साली नॉर्वेत बनली, बनवणारे आस्मुंड लेर्डाल मुळात खेळणी बनवायचे, आणि तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत बुडून गेलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलाय असं सांगतात. माणसाला पेशंट बनवून शिकवायची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत सुरू केली. तुम्ही ज्या ऑस्कीला, म्हणजे एकेका टेबलावर कौशल्य तपासणाऱ्या परीक्षेला, एवढं घाबरता ती १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधून रोनाल्ड हार्डन यांनी मांडली. आपल्याकडे २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला तेव्हा स्किल लॅब सक्तीची झाली, आणि बीएस्सी नर्सिंगच्या २०२१ च्या सिलॅबसमध्येही सिम्युलेशन, म्हणजे खोट्या पेशंटवरचा हा सराव, आलं. म्हणजे लॅब आता जवळपास सगळीकडे आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती इन्स्पेक्शनच्या दिवशीच उघडते आणि डमीवरचं प्लास्टिक तसंच असतं. तुमच्याकडे तशी परिस्थिती असेल तर चार-पाच जणांनी मिळून मॅडमना किंवा एचओडी सरांना लेखी विनंती करा की आम्हाला आठवड्यातून एक तास लॅब उघडून द्या. विद्यार्थ्यांनी स्वतःहून मागितलं की सहसा नाही म्हणत नाहीत.

पायरी १: जायच्या आधी

विषय काय आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या आणि तेवढंच वाचा. पूर्ण चॅप्टर नको, प्रोटोकॉलचं एक पान पुरे. डोस कागदावर लिहून खिशात ठेवा, बघून सांगितलं तर कुणी फाशी देत नाही, उलट खऱ्या वॉर्डातही बघूनच द्यावं. नखं कापलेली, केस बांधलेले, ॲप्रन, स्टेथो, पेन, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. आणि पोटात काहीतरी टाकून जा, सीपीआर नीट केली तर दोन मिनिटांत घाम फुटतो.

पायरी २: प्रीब्रीफिंग लक्ष देऊन ऐका

सुरुवातीला शिकवणारे पाच-दहा मिनिटं लॅब दाखवतात, त्याला प्रीब्रीफिंग म्हणतात. मुलं हा वेळ टाइमपास समजतात आणि मग सिनारिओत, म्हणजे रचलेल्या प्रसंगात, "नाडी कुठं लागते मॅडम?" विचारत बसतात. या वेळात सगळ्या वस्तूंना हात लावून घ्या. डमीची नाडी मानेत लागते का मनगटातही लागते, छाती वर येते का, नस खरी टोचायची की तोंडाने सांगायचं, ऑक्सिजन कुठून सुरू होतो, ॲम्बू बॅग जोडलेली आहे का, सक्शन चालतं का, फोन लावायचा तर कुठून आणि पलीकडे कोण बोलणार. बोलता न येणाऱ्या डमीचा रंग बदलत नाही, घाम येत नाही, तर "पेशंट गार पडलाय, घाम आलाय" हे तुम्हाला कोण सांगणार तेही विचारून घ्या.

दोन गोष्टी मात्र जिवाशी खेळ आहेत म्हणून ठळक सांगते. एक, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) खरा असेल तर शॉकही खराच बसतो, डमीवर असला तरी "सगळे बाजूला" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. दुसरं, ट्रेनिंगची औषधं आणि सलाईन यांवर ‘फक्त ट्रेनिंगसाठी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं आणि जाताना मोजून परत ठेवायची. अमेरिकेत २०१४ मध्ये सरावासाठी बनवलेल्या सलाईनच्या पिशव्या दवाखान्यांत पोचल्या आणि खऱ्या पेशंटना लागल्या, लोक थंडी-तापाने आजारी पडले. खिशात राहिलेली एक सिरिंज वॉर्डात गेली तर काय होईल ते सांगायला नको.

"इथं जे होईल ते इथंच राहील" असंही त्यावेळी सांगितलं जातं. ते पाळा. कुणाची फजिती झाली ती हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणीच तोंड उघडणार नाही.

पायरी ३: आधी हात बसवा

सिनारिओच्या आधी साधी कामं सुटी सुटी करायची. सीपीआरपासून सुरुवात करा कारण ती सगळ्यांना लागते. तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, कोपरं सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटीमीटर तरी खाली, ६ च्या पलीकडे नको. ३० दाब, मग २ श्वास, प्रत्येक श्वास साधारण एका सेकंदाचा, छाती उचललेली दिसेल एवढाच. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, थकलो नाही असं वाटलं तरी बदलायचा, कारण आपल्याला कळायच्या आधीच दाब उथळ व्हायला लागतो.

नवीन लोकांचं सगळ्यात जास्त काय चुकतं माहितेय? दाबतात जोरात, पण वर येताना पूर्ण सोडत नाहीत. छातीवर रेलूनच राहतात. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही आणि पुढच्या दाबाने बाहेर टाकायला काही उरत नाही. हे शेजारून बघणाऱ्याला पटकन दिसतं, करणाऱ्याला नाही. म्हणून जोडीने करा, एकाने दाबायचं, दुसऱ्याने डमीच्या छातीच्या उंचीला डोळे आणून फक्त वर येणं बघायचं आणि "सोड, सोड" सांगत राहायचं. डमीला फीडबॅकचे दिवे असतील तर उत्तम, नसतील तर मित्राचे डोळे आहेतच.

हात बसतो तो परत परत करून, पण नुसतं परत परत करून नाही. करा, कुणीतरी चूक दाखवू दे, लगेच तीच पायरी पुन्हा करा, जमेपर्यंत पुढं जाऊ नका. याचा फरक खऱ्या पेशंटमध्ये दिसतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये आयसीयूतल्या डॉक्टरांना सेंट्रल लाइन (मोठ्या नसेत टाकायची नळी) आधी डमीवर, ठरलेल्या दर्जाला पोचेपर्यंत शिकवली तेव्हा लाइनमुळे होणारं रक्ताचं इन्फेक्शन दर हजार कॅथेटर-दिवसांमागे ३.२ वरून ०.५ वर आलं, हे २००९ मध्ये छापून आलेलं आहे. येल विद्यापीठात पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव आधी कॉम्प्युटर सिम्युलेटरवर केलेल्या शिकाऊ सर्जन्सनी प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये न केलेल्यांपेक्षा कितीतरी कमी चुका केल्या, तो अभ्यास २००२ चा.

लॅबला कुलूप असेल तर थांबू नका. टाके केळ्याच्या सालीवर किंवा फोमवर घाला, केळ्याची साल बरीच चांगली, कारण जोर जास्त झाला की लगेच फाटते. इंजेक्शन संत्र्यात द्या. हाडातून सलाईन द्यायची सुई कोंबडीच्या तंगडीवर शिकता येते आणि गळ्यातून श्वासाचा मार्ग काढायचा सराव खाटकाकडून आणलेल्या बकरीच्या श्वासनलिकेवर होतो, वर कातड्यासारखं काहीतरी ताणून बसवलं की झालं. हातमोजे घालूनच करा आणि सुया शार्प्सच्या डब्यातच टाका, हॉस्टेलच्या कचऱ्यात नाही, सकाळी तो कचरा उचलायला मावशीच येणार असते.

पायरी ४: सिनारिओत तोंड उघडा

इथं खरी परीक्षा. हात कितीही बसलेले असोत, चार माणसं, एक पेशंट आणि वाजणारा मॉनिटर आला की धांदल उडते. माझ्या मते सिम्युलेशनचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे की तिथं बोलायला शिकता येतं. रबरी पेशंट खोटा असतो, पण तुमच्या तोंडून निघालेलं वाक्य खरं असतं आणि वॉर्डातही तेच निघणार असतं.

इंग्लंडमधली एक घटना सगळ्यांनी माहीत करून घ्यावी. २००५ मध्ये एलेन ब्रोमिली नावाची ३७ वर्षांची बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेली. भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मिळेना. तीन अनुभवी डॉक्टर नळी टाकायचा प्रयत्न करत राहिले, वेळ किती गेला याचं भान राहिलं नाही. एका नर्सने गळ्यातून मार्ग काढायचा सेट आणून ठेवला, सांगितलंही, दुसरीने आयसीयूत बेड सांगून ठेवला. काय करायला हवं ते त्यांना दिसत होतं, पण ते डॉक्टरांपर्यंत पोचलं नाही. एलेन तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन विमानाचा पायलट, विमानात असा सराव वर्षानुवर्षं होतो की ज्युनिअरने कॅप्टनला कसं थांबवायचं, आणि त्याने नंतर हीच गोष्ट वैद्यकीय क्षेत्रात आणायला वाहून घेतलं. आता आपला वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे सरांना मध्येच टोकायचं म्हणजे उद्धटपणा समजतात. तोंडाला कुलूप लागलेलं असतं आणि ते उघडायचा सराव लॅबमध्येच करावा लागतो.

तीन वाक्यं पाठ करून ठेवा, एकाहून एक चढती. "सर, मला काळजी वाटतेय." त्यावर काही झालं नाही तर, "सर, हे मला बरोबर वाटत नाहीये, सॅच्युरेशन ७० आहे." तरी नाही, तर "सर, थांबा, पेशंटला धोका आहे." सिनारिओत शिकवणाऱ्यांना सांगा की मुद्दाम चुकीची ऑर्डर द्या, आम्हाला टोकायची प्रॅक्टिस हवी. नम्रपणे पण ठाम टोकता येतं, आणि दोन-तीनदा केल्यावर ते अंगवळणी पडतं.

दुसरं म्हणजे ऑर्डर देणं-घेणं. "अरे कुणीतरी ॲड्रेनलिन द्या रे!" असं ओरडलं की एकतर कुणीच देत नाही किंवा दोघं देतात. नाव घेऊन, डोळ्यांत बघून सांगायचं:

"सीमा सिस्टर, ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम आयव्ही द्या, दिलं की सांगा."
"ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम आयव्ही, देतेय."
"डॉक्टर, ॲड्रेनलिन गेलं, दहा वाजून चार मिनिटं."
"ओके. पुढचा डोस तीन ते पाच मिनिटांनी, तुम्हीच वेळ बघा."

वाचताना बाळबोध वाटतं, पण गोंधळात हीच चार वाक्यं डोस दुप्पट होण्यापासून वाचवतात.

तिसरं, फोन. रात्री अडीच वाजता झोपलेल्या डॉक्टरांना "सर, पेशंट बरी वाटत नाहीये, येता का?" असं सांगितलं तर सर म्हणणार, "बघतो सकाळी." त्याऐवजी असं बोला (पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव, ऑक्सिटोसिन म्हणजे गर्भपिशवी आकसायचं औषध): "सर, लेबर रूममधून सिस्टर बोलतेय. चार नंबर बेड, अर्ध्या तासापूर्वी नॉर्मल डिलिव्हरी, दुसरी खेप. गर्भपिशवी मऊ लागतेय, ब्लीडिंग ६०० मिलीच्या आसपास झालंय, पल्स १२४, बीपी ९० बाय ६०. मला पीपीएच वाटतंय. मसाज चालू आहे, ऑक्सिटोसिन लावलंय. तुम्ही आत्ता या आणि रक्त मागवू का सांगा." कोण, काय झालं, आत्ता काय दिसतंय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने. लॅबमध्ये हा फोन खरोखर मोबाइल कानाला लावून करा, पलीकडे मित्राला झोपाळू आणि चिडका डॉक्टर व्हायला सांगा.

आणि नातेवाईकांना विसरू नका. डमीच्या लॅबमध्ये सगळं शांत असतं, आपल्या कॅज्युअल्टीत मात्र एका पेशंटमागे दहा माणसं दारात उभी असतात, कुणी रडतंय, कुणी आमदारांना फोन लावतंय. म्हणून एकाला नातेवाईक बनवा. वाईट बातमी सांगायचा सिनारिओ तर वेगळाच करा, मराठीत करा, पुस्तकी नाही तर घरी आईशी बोलता तशा मराठीत. खुर्चीवर बसून, आधी "तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?" विचारून, मग सरळ सांगा. "ते गेले" हे दोन शब्द तोंडातून बाहेर काढायला फार जड जातं. ते पहिल्यांदा कुणाच्या खऱ्या आईसमोर काढायची वेळ येऊ नये.

पायरी ५: डीब्रीफिंग सोडून पळू नका

सिनारिओ दहा मिनिटांचा, डीब्रीफिंग, म्हणजे नंतर बसून केलेली चर्चा, त्याच्या दुप्पट, असा हिशेब असतो. शिकणं बरंचसं इथंच होतं. स्टॅनफर्डचे डेव्हिड गाबा, ज्यांनी भूलशास्त्रात ही पद्धत रुजवली, त्यांचं म्हणणं आहे की सिम्युलेशन हे तंत्र आहे, यंत्र नाही. पन्नास लाखांची डमी घेतली आणि डीब्रीफिंग केलं नाही तर पाट्या टाकल्यासारखंच झालं, आणि उशीला पेशंट मानून नीट डीब्रीफिंग केलं तर पोरं तयार होतात.

सगळे गोल करून बसा, डमीपासून जरा लांब. आधी दोन मिनिटं मनातलं बोलू द्या, कसं वाटलं, घाबरलात का, कारण ते बाहेर पडल्याशिवाय डोकं ताळ्यावर येत नाही. मग नेमकं काय झालं ते क्रमाने मांडा, इथं अजून चूक-बरोबर नाही. मग का झालं. हे ‘का’ फार महत्त्वाचं. समजा शॉक द्यायला चार मिनिटं लागली. "तुम्ही उशीर केला" असं म्हटलं की समोरचा गप्प. "शॉक चौथ्या मिनिटाला गेला असं मला दिसलं, पॅड लावायच्या आधी तुमच्या डोक्यात काय चाललं होतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "मला वाटलं सीपीआर थांबवल्याशिवाय पॅड लावता येत नाही." सापडलं मूळ! आता ते एका वाक्यात दुरुस्त होतं की दाब चालू ठेवूनच पॅड चिकटवायचे, फक्त रिदम बघताना आणि शॉक देताना थांबायचं, तेही दहा सेकंदांच्या आत.

शिकणाऱ्याने इथं काय करायचं? स्वतःची बाजू लढवायची नाही आणि "माझंच सगळं चुकलं" म्हणून रडायचंही नाही. मी काय बघितलं, मला काय वाटलं, म्हणून मी काय केलं, एवढं सरळ सांगायचं. शिकवणारे फक्त चुका मोजत असतील तर नम्रपणे विचारा, "मॅडम, आमचं काय बरोबर झालं तेही सांगा ना", कारण बरोबर झालेलं पण का बरोबर झालं ते कळलं नाही तर पुढच्या वेळी ते होईलच असं नाही. आणि सगळ्यांसमोर अपमान करणारं डीब्रीफिंग हे डीब्रीफिंगच नाही. अशाने मुलं शिकत नाहीत, फक्त लपवायला शिकतात, आणि लपवायची सवय वॉर्डात गेली की पेशंटला भोवते.

शेवटी प्रत्येकाने एकच गोष्ट लिहून काढायची, पुढच्या वेळी मी नेमकं काय वेगळं करणार. "अजून अभ्यास करीन" असलं नको. "ॲरेस्ट कळल्याबरोबर मी मोठ्याने वेळ सांगीन" असं हवं. आणि शक्य असेल तर तोच सिनारिओ लगेच पुन्हा करा, दुसऱ्या खेपेला टीम इतकी वेगळी दिसते की विश्वास बसत नाही.

पायरी ६: लॅब नाही? मग वॉर्डातच ड्रिल करा

हा भाग खास करून ग्रामीण रुग्णालयात, पीएचसीत पोस्टिंग लागलेल्यांसाठी. माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात कामाचं सिम्युलेशन आहे, कारण इथं तुम्हीच नाही, तुमचं कपाट, फ्रिज आणि फोन पण तपासले जातात. ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलमध्ये अख्ख्या लेबर रूम स्टाफला, डॉक्टर आणि मिडवाइफ एकत्र, बाळाचा खांदा अडकल्यावर काय करायचं त्याचं दरवर्षी ट्रेनिंग सुरू केलं. २००८ मध्ये त्यांनी आकडे दिले, अशा प्रसंगात बाळाला इजा व्हायचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं होतं.

पीपीएचचं ड्रिल कसं करायचं ते सांगते. मेडिकल ऑफिसरांची परवानगी घ्या, लेबर रूम रिकामी असेल ती वेळ धरा, बाहेर बसलेल्या पेशंट आणि नातेवाईकांना आधीच सांगा की हा सराव आहे, नाहीतर पळापळ बघून घाबरतात. खरी पेशंट आली तर "ड्रिल थांबवा" म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं. एखादी सिस्टर किंवा विद्यार्थिनी पेशंट बनेल. रक्तासाठी पाण्यात खायचा लाल रंग आणि साबुदाण्याची पातळ खळ घाला, दिसायला अगदी तसंच होतं.

ड्रिलच्या आधी एक छोटा खेळ नक्की घ्या. बरोबर ५०० मिली ‘रक्त’ मोजून घ्या, थोडं चादरीवर, थोडं पॅडवर, थोडं किडनी ट्रेमध्ये ओता आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर गुपचूप अंदाज लिहायला सांगा. बहुतेकांचा आकडा कमीच येतो. नॉर्मल डिलिव्हरीनंतर ५०० मिलीच्या वर गेलं की पीपीएच धरतात, आणि डोळ्यांना ते थोडंच वाटत असेल तर मदतीला हाक उशिराच जाणार. मग पॅड वजन करून दाखवा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली, कोरड्या पॅडचं वजन वजा करायचं. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० हॉस्पिटल्समध्ये मोजमापाच्या रेघा असलेली पिशवी पेशंटखाली ठेवून, रक्त जास्त दिसताच सगळे उपचार एकदम सुरू केले, तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्याचे वाईट परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले, २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता ड्रिल. एकाने फक्त घड्याळ आणि वही धरायची. रक्त ओता, पेशंट बनलेली म्हणेल, "सिस्टर, चक्कर येतेय." इथून वेळ मोजा. मदतीला हाक कधी गेली, गर्भपिशवीचा मसाज कधी सुरू झाला, ऑक्सिटोसिन हातात कधी आलं, दोन जाड इंट्राकॅथ कधी लागले, ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम कधी गेलं, मूत्राशय रिकामं केलं का, रक्तपेढीला आणि १०८ ला फोन कुणी केला. औषधं बोलून नाही, कपाटातून प्रत्यक्ष काढून आणायची, फोडायची नाहीत.

आणि मग काय काय बाहेर पडतं बघा. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, फ्रिज औषधांच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि चावी इन्चार्ज सिस्टरांच्या पर्समध्ये, सिस्टर घरी. असं मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाचाही अभ्यास कच्चा नव्हता, प्रोटोकॉल भिंतीवर लावलेला होता, पण त्या रात्री खरी पेशंट असती तर चावीपायी गेली असती. ड्रिलनंतर तिथं एक छोटा डबा तयार झाला, पीपीएचचं सगळं सामान एकत्र, लेबर रूमच्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिन, रोज सकाळी मोजून सही. त्याला खर्च काहीच आला नाही. म्हणून ड्रिलमध्ये मावशींना, मामांना, शिपायाला सगळ्यांना घ्या, चावी कुठं असते आणि स्ट्रेचरचं कुठलं चाक अडकतं ते त्यांनाच माहीत असतं.

पायरी ७: विसरायच्या आधी परत

सीपीआरचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं, सर्टिफिकेटवर दोन वर्षं लिहिलेली असली तरी. त्यामुळे वर्षातून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा दर महिन्याला पंधरा मिनिटं बरी. ड्युटी बदलायच्या वेळी एक डमी काढा, प्रत्येकाने दोन मिनिटं सीपीआर, बस. बेबी रूममध्ये असाल तर नवजात बाळाचं तसंच, पहिल्या मिनिटात बॅग-मास्क सुरू झालं पाहिजे, मिनिटाला ४० ते ६० श्वास, छाती उचलतेय का हे बघत. कोर्स करायचा असेल तर भूलतज्ज्ञांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलचे आहेत, त्यातला सगळ्यात सोपा फक्त छाती दाबायचा, तो तुमच्या घरच्यांनाही शिकवा. नवजात बाळांसाठी सरकारचा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे, पोस्टिंगमध्ये नाव लावून घ्या.

विषय निवडताना पुस्तक नका बघू, तुमच्या दवाखान्याचं रजिस्टर उघडा. वर्षभरात काय आलं, काय रेफर करावं लागलं, कुठं धावपळ झाली, तेच सिनारिओ. कोकणात किंवा पावसाळ्यात शेतीच्या भागात असाल तर साप चावलेल्या पेशंटला एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) चालू केल्यावर रिॲक्शन आली, अंगावर गांधी उठल्या, बीपी पडलं, हा सिनारिओ जून उजाडायच्या आत एकदा करून घ्या. एएसव्ही थांबवा, मोठ्या माणसाला ॲड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत (आयएम), पाय वर, ऑक्सिजन, सलाईन. ॲम्प्यूलवर लिहिलेला आकडा बघून अर्धा मिली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. आकडीची गरोदर बाई येत असेल तर आकडी थांबवणाऱ्या मॅगसल्फचा डोस भरायचा सराव, हायवेलगत असाल तर अपघाताचा पेशंट मान न हलवता स्ट्रेचरवर घेणं. एक विषय महिन्याला, ड्युटी लिस्टवरच तारीख टाकायची आणि शेजारी दोन नावं, ड्रिल घेणाऱ्याचं आणि वही धरणाऱ्याचं.